लाल बाजूचे अर्थ

बाबांचा मला राग येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी "बापाबद्दल असं बोलतात का?" म्हणायला नको.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. अक्षर असं की दुकानदार त्यांच्यासाठी दोन-दोन महिने थांबतात. त्यामुळे कॉलेजच्या प्रवेश परीक्षेसाठी एका छापील यादीवरून अवघड इंग्रजी शब्दांची चारशे कार्डं करायची ठरली, तेव्हा ती कोण लिहिणार हा प्रश्नच नव्हता. पद्धत पाट्यांचीच, आधी सगळीकडे एक रंग, मग दुसरा. सगळ्या कार्डांवर निळ्या रंगात इंग्रजी शब्द. ती वाळली की उलटी करायची आणि यादीतले मराठी अर्थ ओळीनं लाल रंगात उतरवायचे.

कार्डं मूळची ताईसाठी होती. त्या परीक्षेला दोनदाच बसता येतं. ताई दोन्ही वेळा नापास झाली, दुसऱ्यांदा अवघ्या सहा गुणांनी. "ढ ती ढच," म्हणत बाबांनी तिला लाँड्रीत इस्त्रीला उभं केलं आणि कार्डं माझ्या गळ्यात पडली. रोज सकाळी सहाला ते निळी बाजू माझ्यापुढे धरत, लाल बाजू स्वतःकडे. चुकलं की तळहातावर पट्टी. ताई तिथंच ओट्यापाशी डबा भरत असायची. बाबांना खूश करायला मी म्हणायचे, "मी काय ताईसारखी ढ आहे का?" बाबा हसायचे. ताई नाही.

परीक्षेला नऊ दिवस असताना वाचनालयात सराव परीक्षा झाली. पन्नासपैकी एकवीस! मी तिथला जाडजूड शब्दकोश काढून एकेक उत्तर ताडून पाहिलं आणि अंगाची लाही लाही झाली. कार्डांवरचं मी जसंच्या तसं लिहिलं होतं. सुरुवातीचे शब्द बरोबर होते, पण एका ठिकाणाहून पुढे प्रत्येक शब्दावर त्याच्या आधीच्या शब्दाचा अर्थ होता. 'फ्रुगल' म्हणजे काटकसरी. हे कार्ड आमच्याकडे नव्हतंच, वाळताना उडालं असणार. त्याचा अर्थ पुढच्या 'गॅरुलस'वर चढला, गॅरुलसचा 'बडबड्या' हा अर्थ 'हॉटी'वर, आणि असंच थेट शेवटच्या कार्डापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी नेमकं हॉटी धरलं.

"गर्विष्ठ," मी म्हणाले.

"चूक. बडबड्या. हात पुढे कर."

"नाही करणार. आधी निळ्या बाजूला काय लिहिलंय ते वाचा."

"माझी परीक्षा घेतेस?"

"हो. वाचा."

त्यांनी कार्ड फिरवलं आणि नुसते बघत राहिले. जन्मभर इंग्रजी पाट्या रंगवणाऱ्या माणसाला इंग्रजी वाचता येत नसेल, हे आम्हा दोघींच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ते अक्षरं लिहीत नव्हते, बघून काढत होते.

मी सगळं सांगितलं. मग विचारलं, "शेवटी यादीत एक अर्थ उरला नव्हता का?"

"उरला होता," बाबा म्हणाले. "यादीवाल्याची चूक समजून मी खोडला."

ताईनं हातातला डबा खाली ठेवला. "पहिल्या वर्षी मी हॉटीला गर्विष्ठच म्हणाले होते. शाळेत शिकलेलं. वळ उठेपर्यंत मारलंत तुम्ही. मग मी बडबड्या पाठ केलं. पेपरातही तेच लिहून आले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा घाईघाईनं कार्डं गोळा करायला लागले. "अजून आठ दिवस आहेत. यादी आण, आजच नवी लिहितो. धाकटी तरी पास होईल." मग ताईकडे न बघताच म्हणाले, "चूक काय, कुणाकडूनही होते."

"हो ना," ताई म्हणाली. "माझ्याकडून झाली तेव्हा हे का नाही म्हणालात?"

मी ताईची माफी मागायला तोंड उघडलं, पण तिला लाँड्रीला उशीर होत होता.