सगळ्या वायरी काळ्या

आमच्या यांना झटका आला तेव्हापासून हे कशालाही मान हलवतात. चहा हवा का, हो. चहा नको ना, तरी हो. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि जन्मात कुणाला सरळ होकार न देणारा हा माणूस नंदीबैलासारखी मान डोलवायला लागला. डॉक्टर म्हणाले, कळत असेलही, नसेलही, वाट बघा. वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. रोज घास भरवताना मी यांच्या डोळ्यांत बघून विचारायची, "अहो, आहात ना आत?" हे मान हलवायचे. आता त्या मानेवर भरवसा कसा ठेवायचा?

लेकानं ठेवला होता. एक दिवस येऊन म्हणाला, "आई, बाबांना विचारलं, ट्रक विकू का. हो म्हणाले."

"मी त्यांना विचारलं, तुम्ही हत्ती आहात का," मी म्हटलं. "त्यालाही हो म्हणाले."

लेक वाईट नाही हो. ऑफिस सांभाळून बापाला उचलतो, आंघोळ घालतो. पण बाप समोर बसलेला असताना मला विचारतो, "बाबा जेवले का?" जसे काही ते परगावी गेलेत. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटायला लागली होती. वाटायचं, मी एका रिकाम्या घराशी बोलतेय. तसं असेल तर ते पक्कं कळू नये, आणि नसेल तर आजच्या आज कळावं, असं माझं चाललं होतं.

ट्रक घरासमोरच्या मोकळ्या जागेत उभा. यांनी आयुष्यभर तोच चालवला. मला तो विकायचा नव्हता. हे दिवसभर खिडकीतून त्याच्याकडेच बघत बसायचे, तो गेल्यावर बघणार काय? पण गिऱ्हाईक ठरलं होतं, एका लाकडाच्या वखारीचे मालक, संध्याकाळी येणार होते. आणि गाडीची बॅटरी चार्ज होईना. बॅटरी बाहेरून भरून आणली की दिवसभर चालायची, की पुन्हा ठणठणगोपाळ.

लेकानं सकाळीच करंटभाऊंना बोलावलं. करंटभाऊ गाड्यांची वायरिंग करतात. तरुणपणी शॉक बसून उताणे पडले होते, तेव्हापासूनचं हे नाव. त्यांनी बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, सगळ्या वायरी काळ्या?"

"स्वस्तात अख्खं बंडल मिळालं होतं," मी म्हटलं. "जुना डायनामो काढून बॅटरी भरणारा अल्टरनेटर यांनीच बसवलाय. आपल्या हातानं."

"बसवला झकास. पण कुठली कुठे जाते ते दादांनाच ठाऊक."

ते ऐकून मी आत गेले आणि यांची चाकाची खुर्ची ढकलत बाहेर आणली. केबिनच्या मागे बॅटरीची पेटी असते, तिथं शेजारी लावली.

"आई, उन्हात कशाला?" लेक म्हणाला. "त्यांना काय कळणारेय?"

"नाही कळलं तर ऊन तरी लागेल अंगाला."

लेकानं केबिनमध्ये चढून गाडी चालू केली. करंटभाऊ पाना घेऊन बॅटरीशी वाकले. "चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून बघू," ते म्हणाले. "अल्टरनेटर जिवंत असेल तर दिवे लागलेले राहतील. डायनामोच्या जमान्यात असंच बघायचो आम्ही."

त्यांनी नट सैल केला, आणि यांचा डावा हात पुढे आला. करंटभाऊंचं मनगट यांनी असं काही धरलं की पाना खाली पडला. खुर्ची कलली, मी मागून धरली. यांच्या घशातून काहीतरी खरखरलं आणि मान हलली. आडवी. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

"गाडी बंद कर," करंटभाऊ लेकावर ओरडले. मग जीभ चावून मला म्हणाले, "चुकलंच, वहिनी. अल्टरनेटरला हे चालत नाही. चालत्या गाडीत बॅटरी सोडवली की तो जळून जातो. जुनी खोड आमची. दादांनी वाचवला बघा."

मी कुठली ऐकतेय. हे आत होते. इतके महिने आत होते, आणि आम्ही यांना विचारत काय होतो, तर चहा हवा का आणि पावडर लावू का. हत्तीची थट्टा सोडली तर नाही म्हणावं असं काही विचारलंच नव्हतं कुणी.

मी खुर्ची पुढे बॉनेटपाशी नेली. "आता तुम्हीच सांगा," मी म्हटलं आणि अल्टरनेटरच्या मागची एकेक वायर हातात धरायला लागले. जाड वायर धरली, मान आडवी. तिच्याजवळची धरली, आडवी. खालून एक बारकी वायर निघाली होती, ती धरताच मान उभी हलली, वरखाली. यांनी हातानं ती केबिनकडे ओढूनही दाखवली, एवढंसं सांगायला किती वेळ, असं तोंड करून.

"ही दिव्याची," करंटभाऊ हळूच म्हणाले. "वहिनी, पॅनलवर चार्जिंगचा तांबडा दिवा असतो ना, तो नुसता शोभेचा नाही. किल्ली फिरवली की त्याच्यातून थोडासा करंट अल्टरनेटरला जातो. दुधाला विरजण लावतात तसं. ते नाही लागलं तर तो नुसता गरगर फिरतो, करत काही नाही."

मी केबिनमध्ये चढले, पॅनल उचकटलं आणि त्या दिव्याचा बल्ब काढून आणला. नवाकोरा, पांढरा, इवलासा. यांच्या पुढ्यात तळहातावर धरला. यांनी एक टिचकी मारली आणि बल्ब मातीत.

लेकाचा चेहरा उतरला. "तो मी बसवला," तो म्हणाला. "बाबांना अंधुक दिसायचं. म्हणून त्यांच्या वाढदिवसाला पॅनलचे सगळे एलईडी करून दिले. झटक्याच्या थोडंच आधी."

"उजेड भारी देतो," करंटभाऊ म्हणाले, "पण करंट खातो चिमटीएवढा. तेवढ्यानं अल्टरनेटर जागा होत नाही. जुना बल्ब आहे का?"

जुने बल्ब यांनी केबिनच्या कप्प्यात जपून ठेवले होते. लेकानंच एक बसवला. किल्ली फिरवली तसा तांबडा दिवा लागला, इंजिन धरल्यावर विझला, आणि मीटरचा काटा वर सरकला. करंटभाऊंनी बॉनेट मिटून हात पुसले.

लेक गाडी बंद करून खाली उतरला, किल्ली माझ्या हातात दिली आणि खुर्चीपुढे उकिडवा बसला. कितीतरी दिवसांनी तो माझ्याकडे न बघता बापाशी बोलला. "बाबा, माझं चुकलं. तुम्हाला नीट न विचारताच ठरवलं मी. नाही विकायची गाडी."

यांनी डाव्या हातानं त्याच्या गालावर थोपटलं. जरा जोरातच.

"ठेवूया हो," मीही म्हटलं. "तुमची गाडी आहे, राहू दे दारात. संध्याकाळी त्या वखारवाल्यांना मी सांगते काय ते." आणि किल्ली यांच्या मांडीवर ठेवली.

यांनी किल्लीकडे बघितलं, ट्रककडे बघितलं. किल्ली उचलली, लेकाच्या हातात ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

"विकायची?" लेकानं विचारलं. मान उभी.

"ठेवायची नाही?" मी विचारलं. "अहो, नीट ऐका. घरी ठेवूया ना गाडी?" मान आडवी. पुन्हा विचारलं, पुन्हा आडवी, आणि वर कपाळाला आठी. विकायचीच होती यांना. फक्त धड करून विकायची होती.

एवढा संसार झाला, मी पूर्व म्हटलं की यांनी पश्चिम म्हणायचं. भांडून भांडून माझा घसा बसायचा.

"बरं बाई, तुमचंच खरं," मी म्हणाले, आणि तिथंच बंपरला टेकून सुखानं रडले.