मी बोडीच्या खेळाची कॅसेट

मी एक कॅसेट आहे, पण गाण्यांची नव्हे. आमच्या चिखल्याच्या खाण कॉलनीत ती चूक पुष्कळांनी केली. भीमगीतं ऐकू येतील म्हणून मला टेपमध्ये घालायचे आणि किर्र आवाज निघाला की तोंड वाकडं करून बंद करायचे. ते किरकिरणं हीच माझी भाषा. टीव्हीला जोडायचे ते जुने घरगुती संगणक होते ना, त्यांनाच ती कळायची.

तसा एक संगणक बदली होऊन गेलेल्या साहेबांनी रत्नमालाबाईंना देऊन टाकला होता. बाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी डोकं लावून त्यावर एक खेळ रचला आणि माझ्यात भरला. पावसानं दगा दिला की बोडीतलं, म्हणजे गावच्या लहान तळ्यातलं पाणी असं सोडायचं, की शेवटच्या शेतातलाही धान वाचला पाहिजे. पोरं भांडून भांडून खेळायची. मागेल त्याला बाई माझी नक्कल द्यायच्या.

"घेऊन जा, अन् दुसऱ्यालेही दे," एवढंच म्हणायच्या.

मग संगणक बिघडला, गोंदिया वेगळा जिल्हा झाला, बाई निवृत्त होऊन मोहाडीला राहायला आल्या. मी शिलाई मशीनच्या खणात बटणांच्या सोबतीला पडले. त्याचं मला दुःख नव्हतं. म्हातारपण कोणाला चुकलंय?

एके दिवशी पुण्याहून भाचा आला, अतुल. बाईंनीच याला घरी ठेवून शिकवलेलं.

"आत्या, जुन्या खेळाईचे शौकीन लोक तुहा खेळ शोधून राहिले," तो म्हणाला.

"मंग दे ना त्याईले. फुकट दे."

त्यानं माझा आवाज लॅपटॉपमध्ये उतरवून घेतला आणि मला परत दिलं. किती जपून धरलं होतं त्यानं मला. मी भाळले, दुसरं काय.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंची जुनी विद्यार्थिनी कामिनी दारात येऊन उभी राहिली. आता ती आसगावला शिक्षिका आहे. बाईंना पाहून तिला रडूच कोसळलं.

"बाई, मले वाटलं तुमी गेल्या."

तिनं मोबाइल दाखवला. पुण्याची कुठलीशी कंपनी आमचा खेळ विकत होती. वितरणाचे सगळे हक्क म्हणे तिचेच. ज्या हौशी लोकांनी तो फुकट ठेवला होता, त्यांना काढून टाकायला लावला होता. हक्क देणारा वारस म्हणून अतुलचं नाव होतं, आणि बाईंच्या नावाआधी लिहिलं होतं, 'कालकथित'.

बाई त्या शब्दाकडे पाहत राहिल्या. कंपनीवाल्यांनी कैलासवासी लिहिलं असतं. आपल्या गेलेल्या माणसांना कालकथित म्हणतात ते बौद्ध घरांत. शब्द घरातूनच गेला होता. बाई हयात म्हटल्या तर त्यांना विचारावं लागलं असतं, आणि त्या फुकटच दे म्हणाल्या असत्या. म्हणून पोरानं त्यांना मारूनच टाकलं.

त्यांनी तिथल्या तिथे अतुलला फोन लावला.

"काहून रे, मी मेली काय?"

"आत्या, कागदावरच आहे ते," स्पीकरमधून आवाज आला. "आता तू जिती आहेस म्हनलं त मले जेलात टाकतीन. बाबाले सहन होईन काय?"

बाईंनी फोन ठेवला.

"कंपनीले सांगा बाई. मी लावून देतो फोन," कामिनी म्हणाली.

बाईंनी मान हलवली. "राहू दे. भाऊ खचून जाईन माहा."

"मंग मले एक नक्कल तरी द्या. शाळेतल्या लेकरायले दाखवीन."

बाईंनी मला खणातून काढलं. पदरानं पुसलं. मला वाटलं, आता देतील.

"नाही देता येत, कामिनी. तो खेळ आता माहा नाही राहिला."

आणि मला परत बटणांमध्ये ठेवलं.

अतुलचा दगा मी गिळला असता. परका निघाला, म्हणून सोडून दिलं असतं. पण बाईंनी स्वतःचं मरण कबूल करावं? माझ्या बाईंनी? हे मला पचत नाही.

वाचकहो, तुमच्या माळ्यावर बाईंच्या अक्षरात नाव लिहिलेली एखादी नक्कल असेल, तर ती वाटून टाका, कोणाची परवानगी विचारत बसू नका. परवानगी त्यांनी कधीच देऊन ठेवली आहे. आणि मोहाडीच्या बाजारात बाई दिसल्या, तर त्यांना जयभीम करा. त्या उत्तर देतात.