आसमान दाजूंचा पेचकस

मित्रांनो, मी एक जुना, लांब मानेचा पेचकस आहे. गाडीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आणि हवा मिसळतात. ते प्रमाण ठरवणारा बारीक स्क्रू अडचणीच्या जागी असतो; तिथवर माझंच टोक पोचतं. सुखियापोखरीच्या लोहाराने मला मोडक्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलं. डोंगरातल्या मानेभंज्यांग गावच्या आसमान तामांग मिस्त्रींनी मला लाकडी मूठ बसवली. त्यांना सगळे दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतात.

आमच्या गावातून जुन्या लँडरोव्हर गाड्या संदकफू शिखराचा चढ चढतात. वर हवा विरळ होते आणि इंजिन खोकू लागतं. मग चालक म्हणत, "दाजू, जरा हात लावा." मी थोडा फिरलो की इंजिन शांत चाले. "काय कान आहे दाजूंचा!" असं सगळे म्हणत.

पुढे तो कानच गेला. दाजूंनी कोणाला सांगितलं नाही. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार? ते माझं टोक इंजिनाला टेकवत आणि मूठ दातांत धरत. इंजिनाची थरथर माझ्या अंगातून त्यांच्या हाडांत उतरे. मला त्याचा फार अभिमान वाटे.

एका सकाळी नोर्बू नावाचा चालक गाडी दारात चालू ठेवून चहाला गेला. दाजूंची बायको फूलमाया घरामागच्या झऱ्यावर पाण्याला गेली होती. ती शेवाळावरून घसरली.

"अहो, जरा या. मला उठता येत नाही."

हाक मला ऐकू आली. दाजू मला दातांत धरून, डोळे मिटून इंजिन ऐकत होते. चेहऱ्यावर समाधान होतं. ती हाका मारत राहिली. आवाज बारीक होत गेला. मी काय करणार? मला फक्त इंजिनाचाच आवाज पोचवता येत होता.

नोर्बू परतला, तेव्हा त्याने हाक ऐकली आणि तो धावला. फूलमायाचा खुबा मोडला होता. ती पुन्हा चालू शकली नाही.

तिला इस्पितळातून घरी आणल्यावर दाजू तिच्या उशाशी बसले. "मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले.

तिने त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला. ओठ दिसतील अशी सावकाश म्हणाली, "ठाऊक आहे. जेवायला बोलावलं तर येत नाही, आणि गावात कानाचा राजा म्हणून मिरवता. म्हटलं, लपवताय तर लपवू देत."

"मग मला हाका कशाला मारल्यास?"

"पडल्यावर दुसऱ्या कोणाचं नाव तोंडात येणार?"

दाजूंनी काम सोडलं. आता ते तिला भरवतात, तिचे केस विंचरतात. मी खिडकीत गंजतो आहे.

मित्रांनो, मला तेलाचं बोट कोणी लावलं नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी हाकेला ओ देत नसेल, तर रुसू नका. समोर जाऊन बसा, हात हातात घ्या आणि विचारा. ते लपवतील. तरीही विचारा.