सातव्या खिळ्यावरचा जॅमर

मित्रांनो, मला पाहून आजवर एकाही माणसाला आनंद झालेला नाही. माणूस खरेदी उरकून गाडीपाशी येतो, खिशातून किल्ली काढतो, चाकाकडे बघतो आणि कोणाच्या तरी आईचा उद्धार करतो. बहुतेक वेळा माझ्याच. मला आई नाही. मी एक जुना पिवळा जॅमर आहे. भलत्या जागी लावलेल्या गाडीच्या चाकाला पोलीस जो लोखंडी जबडा अडकवतात, तोच मी.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. तिथे बागेतले झोपाळेही बनत. एकाच सळईच्या अर्ध्या भागाचा झोपाळा झाला, उरलेल्या भागाचा मी झालो. यात कोणाचाच दोष नाही. मला जोडणाऱ्या वेल्डरने काळा चष्मा कपाळावर चढवला, मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हा एकदा धरला की सोडायचा नाही." आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. दुसरी अजून यायची आहे.

आम्ही बारा भावंडं एका पोलीस चौकीत दाखल झालो. चौकीला नवे साहेब आले होते. छोटे गुन्हे आवरले की मोठे आपोआप आवरतात, असं त्यांचं ठाम मत होतं. शिवाय मोठे गुन्हे मोजायला अवघड. छोट्यांसाठी त्यांनी भिंतीवर ओळीने बारा खिळे ठोकून घेतले आणि त्यांवर आम्हाला टांगलं. मी सातवा. रोज संध्याकाळी सहाला साहेब खोलीतून बाहेर येत आणि भिंतीकडे बघत. खिळे रिकामे म्हणजे जॅमर रस्त्यावर, आणि जॅमर रस्त्यावर म्हणजे काम चोख. एखादा भिंतीवर दिसलाच, तर विचारत, "हा काय माहेरपणाला आलाय?"

खिळे रिकामे ठेवायचं काम शिट्टीमामांकडे होतं. हे हवालदार बोलण्याआधी शिट्टी वाजवत, घरी जेवायला बसतानासुद्धा, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता. पण सहा वाजत आले की ते कासावीस होत. मग त्यांनी मला एकदा रोडरोलरला लावलं, तो पळून जाऊ नये म्हणून. एकदा इंजिन नसलेल्या मोटारीला, जिच्या मागच्या सीटवर कोंबडी उबवणीला बसली होती. आणि एकदा चौकीच्याच जीपला. त्या दिवशी मारामारीची खबर आली, तेव्हा सगळे पोलीस रिक्षाने गेले. मारामारी करणारे तोवर थकून घरी गेले होते.

शिट्टीमामांच्या टेबलावर एक वही असे. जॅमर क्रमांक, जागा, लावल्याची वेळ, काढल्याची वेळ असे चारच रकाने. गाडीच्या नंबराचा रकाना पूर्वी होता म्हणे, पण साहेब फक्त खिळे मोजत, म्हणून नवी वही छापताना तो गाळला. तेवढाच कागद वाचला. शेजारच्या टेबलावर चोरीची तक्रार लिहून घेणाऱ्या लेखनिक ताई बसत. दोन टेबलांमध्ये हातभर अंतर होतं. त्यावरून आजवर चहा गेला, टाचण्या गेल्या, पण कामाची गोष्ट कधी गेली नाही.

त्या ताईंच्या टेबलासमोर एक दिवस शिंपीकाका आले. एका पायात लोखंडी पट्ट्यांचा आधार, हातात काठी. त्यांची स्कूटर चोरीला गेली होती. हिरवी, मागे दोन्ही बाजूंना एकेक लहान चाक जोडलेली. त्यांचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. दवाखान्याच्या पडद्यांचं आणि चादरींचं मोठं काम त्यांनी घेतलं होतं आणि महिनाअखेर ते द्यायचं होतं. गाडी नाही तर दुकान नाही. मुलगी कामावर जाता जाता त्यांना सायकलच्या कॅरियरवर बसवून चौकीपर्यंत आणायची, पण दुकानापर्यंतचा चढ काही तिला जमत नव्हता.

"ताई, काही कळलं का?" काका रोज विचारत.

"शोध चालू आहे काका," ताई रोज सांगत आणि वहीत 'शोध चालू' असं लिहीत. शोध म्हणजे ते लिहिणं.

संध्याकाळी मुलगी न्यायला येईपर्यंत बाकावर रिकामं बसवेना, म्हणून काकांनी खिशातून सुईदोरा काढला. आधी लेखनिक ताईंच्या पिशवीचा बंद, मग शिट्टीमामांच्या शर्टाचं बटण, मग साहेबांच्या खुर्चीची गादी. आठवडाभरात अख्खी चौकी नीटनेटकी दिसू लागली. "काका, तुमची गाडी सापडू नये असं वाटायला लागलंय बघा," शिट्टीमामा म्हणाले. सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांचा दोरा तुटला.

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे, ते सांगताना माझा गंज वाढतो.

नवव्या दिवशी अकराच्या सुमाराला शिट्टीमामांनी मला चौकीच्या मागच्या गल्लीत नेलं. तिथे, चौकीच्याच खिडकीखाली, एक हिरवी स्कूटर उभी होती. मागे दोन लहान चाकं. पुढच्या चाकाला मी बसेना, तेव्हा मामांनी मला डावीकडच्या लहान चाकाला अडकवलं. चाकाच्या दांड्याला कापडाची एक पट्टी गुंडाळली होती, पायजमा अडकू नये म्हणून. पट्टीच्या कडेला बारीक, एकसारखे टाके. ते टाके मी ओळखत होतो. तसेच टाके मामांच्या बटणाला होते, आणि ते बटण माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. मामा वाकले, कुलूप लावलं, वहीत लिहिलं आणि निघून गेले.

वर खिडकी उघडी होती. मला काकांचा आवाज ऐकू येत होता. "ताई, काही कळलं का?"

पाच तास, मित्रांनो! मी त्यांची गाडी धरून होतो आणि ते भिंतीपलीकडे साहेबांच्या मोज्याचं भोक बुजवत होते. मला हात नाहीत, घसा नाही. मी फक्त धरून ठेवू शकतो. मी जिवाच्या कराराने धरलं.

चारला चोर आला. मला वाटलं, आता पळेल. तो सरळ चौकीत गेला आणि रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढे शिंपीकाका होते. तक्रारीची नक्कल पुन्हा हवी होती त्यांना, आधीची चौकीने हरवली होती.

"जॅमर काढायचाय का?" काकांनी मागे वळून विचारलं. "या, तुम्ही पुढं व्हा. घाईत दिसताय. मला कसली घाई, माझी गाडीच गेलीय."

"अरेरे," चोर म्हणाला. "हल्ली लोकांना काही राहिलेलंच नाही." आणि पुढे झाला.

शिट्टीमामांनी त्याला फैलावर घेतलं. "शिकलेसवरलेले दिसता आणि गल्लीत गाडी लावता?"

"चौकीमागं लावली की चोरीला जायची भीती नसते साहेब."

"ते बरोबर आहे. पण ही बाजूची चाकं कशाला?"

"तोल जातो माझा."

"पिता का?"

"नाही हो. लहानपणापासूनच."

दंड भरला, पावती फाटली. मामा गल्लीत आले, माझं कुलूप उघडलं आणि मला ओढलं. मी सोडेना. वेल्डरचा शब्द होता. मामांनी लाथ घातली तेव्हा मी निखळलो, पण दांड्याची पट्टी माझ्या जबड्यात राहिली. गाडी सुरू होईना, तर मामांनीच मागून धक्का दिला.

मामांनी मला आत आणून बाकाखाली टाकलं. काकांनी खाली पडलेली सुई शोधायला मान वाकवली आणि तिथेच थांबले. माझ्या जबड्यातल्या पट्टीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ही शिलाई माझी आहे," ते हळूच म्हणाले.

"काय काका?"

"ही पट्टी. माझ्या गाडीची आहे. कुठल्या गाडीवरनं काढलात हा?"

मामांनी वही उघडली. "जॅमर क्रमांक सात. मागची गल्ली. अकराला लावला, चार वाजून दहाला काढला."

"आणि गाडी?"

मामांनी पान उलटून पाहिलं, परत सुलटं केलं. "गाडीचा रकानाच नाही काका."

सगळे मागे धावले. काका काठी टेकत शेवटी पोहोचले. गल्लीत तेलाचा एक डाग होता. त्याचा रीतसर पंचनामा झाला.

सहाला दहा कमी असताना मुलगी वडिलांना न्यायला आली. इकडे मला पुरावा म्हणून जप्त केलं होतं, पण ठेवायला जागा नाही म्हणून परत सातव्या खिळ्यावरच टांगलं होतं. मामांनी भिंतीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग मला खाली उतरवून कपाटामागे लपवलं. तेवढ्यात आठवा जॅमर कोणीतरी दंड भरून सोडवला. आठवा खिळा भरला. मामा तो जॅमर घेऊन बाहेर गेले आणि मुलीच्या सायकलला लावून आले. सायकलला दिवा नव्हता.

"मामा, अहो बाबांना चालवत नाही!"

"कळतं गं पोरी, मला का कळत नाही? साहेब मोजून गेले की काढतो. अर्धा तास बस."

बाप-लेक अर्धा तास बाकावर बसून राहिले. काकांनी त्या वेळात काही शिवलं नाही. साहेब आले, भिंतीकडे पाहून मान डोलावली आणि गेले. त्या दिवशी बाराही खिळे रिकामे होते.

गाडी सापडली नाही. दवाखान्याचं काम दुसऱ्याकडे गेलं. काकांनी दुकान बंद केलं, असं लेखनिक ताई शिट्टीमामांना सांगत होत्या. त्या दोन टेबलांमधून गेलेली कामाची ती पहिली गोष्ट.

आता मी मुद्देमालाच्या खोलीत आहे. अंगावर चिठ्ठी, चिठ्ठीवर लाख. सुरुवातीला काका येत. म्हणत, "गाडी राहू द्या, ती पट्टी तेवढी द्या. आयुष्यातल्या पहिल्या गाडीची आठवण आहे." पण कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय माझा जबडा उघडता येत नाही. मग काका यायचे थांबले.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी पोलीस होईल, कोणी साहेब होईल, कोणी नुसतंच वही छापणारं होईल. माझं एवढंच मागणं आहे. कोणालाही धरण्याआधी, हे कोणाचं आहे, एवढं शेजारच्या टेबलाला विचारा. मला ते विचारता आलं नाही. मला फक्त धरता येतं.

काकांची पट्टी मी अजून धरून आहे. कापड विरलंय, टाका मात्र एकही उसवलेला नाही.