पिहूच्या काळजातल्या गाठी

मृणालीनं ग्रहणात मासळी कापली, म्हणूनच पोरीच्या काळजात गाठी आल्या, हा निकाल तिच्या सासूनं, आवडाबाईनं, बारशाच्या आधीच देऊन टाकला होता. मच्छीमार्केटात टोपलीपुढे बसून तिनं तो गिऱ्हाइकांनाही ऐकवला. स्वतः काही पाहिलं नव्हतं, पण तिच्या तोंडाला आवर कोण घालणार? ऐकून ऐकून विटलेली सून आता माहेरी निघून जाण्याची भाषा करू लागली होती, आणि लेक सर्वेश दोघींच्या मध्ये पार हवालदिल झाला होता.

पिहू तीन महिन्यांची. मध्येच तिचं काळीज असं धावत सुटायचं की छातीवरचं झबलं थरथरताना दिसे. मग ती दूध सोडायची, पांढरीफटक पडायची. म्हणून आज सगळे रत्नागिरीतल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे आले होते.

"ठोके ताळ्यावर राहायला औषध देतेय, एकही वेळ चुकवू नका," बाई म्हणाल्या. "गाठी बहुतेक वेळा वय वाढतं तशा आपोआप आकसतात. पण हा आजार कधीकधी आईवडिलांकडून येतो. तुम्हा दोघांनाही बघते."

मृणालीच्या अंगावर काही निघालं नाही. सर्वेशनं शर्ट काढला, तर पाठीवर पांढरे चट्टे. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक पुळ्याही होत्या. त्या खाऱ्या वाऱ्यानं येतात, असं घरात सगळे धरून चालले होते. बाईंची नजर पिहूला मांडीवर घेऊन बसलेल्या आवडाबाईकडे वळली. तिच्याही चेहऱ्यावर तशाच पुळ्या, आणि नखांच्या कडेला मांसाचे कोंब.

"मुलं किती तुम्हाला?"

एरवी कुणी विचारलं की आवडाबाई 'एकच मुलगा' म्हणून सांगायची. आज मात्र म्हणाली,

"दोन. थोरला सदू. त्याला झटके यायचे. दोन वर्साचा होऊन गेला. सासू म्हणायची, हिनं गिराणात मासळी कापलीन. बाई, मी इळीला हात पण लावला नव्हता!" एवढी वर्षं दाबून ठेवलेलं रडू तिला एकदम फुटलं.

"तुमच्या नि लेकाच्या पुळ्या, सदूचे झटके, पिहूच्या गाठी, सगळा एकच आजार; तो तुमच्याकडून लेकाकडे आणि त्याच्याकडून पिहूकडे आलाय. पण यात कुणाचाच दोष नसतो," बाई म्हणाल्या.

"मीसुद्धा नव्हता लावला, आई," मृणाली म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

"म्हाईत होता गो मला," आवडाबाई खाली बघत म्हणाली. "पोरीचा ऐकला, तवाच सदू आठवला. पुन्ना माज्यावर येल म्हणून तुज्यावर ढकलला."

मृणालीनं पिहूला घ्यायला हात पुढे केले. आवडाबाईनं पोर तिच्या हाती दिली.