सत्तर लाखाच्या गाडीचं बिल

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात रत्नमाला खंडारे पंजाबरावांच्या जिनिंगवर गेली. जिनिंग कामरगावच्या बाहेर, कारंजा रस्त्यावर. तिला दारात पाहून पंजाबरावांना वाटलं, नवऱ्याच्या कापसाचं काहीतरी असेल. त्यांनी मुनिमाला हाक मारली.

"कापसाचं नाई भाऊ," रत्नमाला म्हणाली. "शेडमधली पिवळी गाडी इकाची हाय म्हनतात. पाहाले आली."

पिवळी गाडी साऱ्या कामरगावला ठाऊक होती. पंजाबरावांच्या मुलानं, गणेशनं, ती पुण्याहून आणली होती. जर्मन बनावटीची, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी, इंजिन सीटच्या मागं. दोन वर्षं त्यानं ती कारंजा रस्त्यावर उडवली. मग तो कॅनडाला गेला आणि गाडी सहा वर्षं सरकीच्या पोत्यांशेजारी उभी राहिली.

त्या दोन वर्षांत रत्नमाला रोज सकाळी बससाठी फाट्यावर उभी असायची. गाडी गेली की बाकीचे लोक गणेशकडे बघायचे, ती आवाज ऐकायची. डिझेलची इंजिनं उघडण्यात हयात गेलेल्या बाईला तो आवाज निराळा वाटायचा. वेग कितीही चढला तरी कुठे धडधड नाही, कुठे ओढाताण नाही. बस आल्यावरही तो तिच्या कानात राहायचा.

"कोनासाठी पायता?" पंजाबरावांनी विचारलं.

"माह्यासाठी."

पंजाबराव खुर्चीत मागे टेकले. माणूस वाईट नव्हता. समजावून सांगावं अशाच सुरात त्यांनी बोलायला सुरुवात केली. "बाई, नऊ लाख म्हनतो मी. पन घेनं सोपं हाय, पोसनं कठीन. गनेशनं एकडाव नुसते समोरचे ब्रेक बदलले, तेवढ्यात लोक फटफटी घेतात. काही बिघडलं का पुण्या-मुंबईले न्या लागते. तुमाले पीएफचे पैसे मिळाले असतीन, ते जपून ठेवा. घरी इचारलं काय?"

"गनेशनं आनली तवा तुमी त्याले इचारलं होतं काय, पोसशीन का म्हून?"

पंजाबरावांनी ड्रॉवर उघडून किल्ली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी ती जुना निळा शर्ट घालून, हत्यारांची पेटी आणि एक रिकामं पोतं घेऊन आली. पोतं अंथरून गाडीखाली शिरली. चारही टायर दहा वर्षांपूर्वीचे, एका जागी उभे राहून चपटे झालेले. रबरी नळ्यांना भेगा. मागच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. क्लच अर्धा संपलेला. टाकीतलं पेट्रोल वार्निशासारखा वास मारत होतं, ते तिनं काढून टाकलं आणि पाच लिटर नवं घातलं. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेलाचे थेंब सोडले, इंजिन आधी हातानं फिरवलं आणि मग ट्रॅक्टरची बॅटरी लावून चावी दिली. तिसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं. सरकीच्या शेडमधली कबुतरं एकदम उडाली.

रत्नमालानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मागच्या बेअरिंगपाशी ती सर्वात जास्त वेळ थांबली. या जातीच्या इंजिनात तेच बेअरिंग घातक असतं, हे तिनं मोबाईलवर रात्रंदिवस वाचलं होतं. आवाज स्वच्छ वाटला. तिनं इंजिन बंद केलं.

रविवारी मुलगी निकिता वाशीमहून आली. ती जिल्हा परिषदेत नोकरीला होती आणि बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"आई, नऊ लाखात नवी गाडी येते," ती चपला काढता काढता म्हणाली. "चार दारं, एसी, वॉरंटी."

"येते ना. पन मले ते नाई पायजे."

"अन् हिचा खर्च?"

"बस. सांगतो." रत्नमालानं कागद पुढं ओढला. "लोक नऊ लाखच पायतात अन् तिथंच फसतात. ही गाडी नवी होती तवा सत्तर लाखाची होती. तिचा भाव उतरला, पन तिच्या पार्टचा भाव नाई उतरला. घेताना नऊची, अन् बिल येते सत्तर लाखाच्या गाडीचं."

"म्हणजे तुले सारं समजते."

"म्हून तर सांगून राह्यली."

तिनं एकेक सांगितलं. टायर एक लाख वीस हजार. ब्रेक, क्लच, नळ्या, वायरी मिळून दोन लाखांच्या वर. गाडीला पंधरा वर्षं भरलेली, तिचं पासिंग पुन्हा करायचं, विमा वेगळा. मजुरी धरली तर आकडा दुप्पट झाला असता, पण मजुरी तिच्या हातातली होती. पहिल्या वर्षी चार लाख चाळीस हजार. पुढं दर वर्षी एक लाख बाजूला काढून ठेवायचे, काम निघो की न निघो. ते बाजूला नसतील तर गाडी जागची हलवायची नाही.

"अन् उद्या बाबाचं काही निघालं तर?"

"दवाखान्याचे पैसे अलग ठेवले. त्याले हात नाई लावत."

निकितानं कागदावरची बेरीज पुन्हा करून पाहिली. बेरीज चुकली नव्हती, म्हणून तिला जास्त राग आला. "पण कायले? सांग ना. तुले जायचं कुठं हाय त्या गाडीत?"

"कुठीच नाई." रत्नमालानं तळहात उलटे करून बघितले. नखांच्या कडेचं काळं कधीच निघालं नव्हतं. "एकतीस वर्सं मी उघडलं ते सारं दुसऱ्याचं. चांगलं केलं अन् गेटच्या बाहेर सोडून देलं. एक इंजिन मले माहं पायजे. गरजेचं नाई, कामाचं नाई. चांगलं. शेतावाल्याच्या पोरानं असं काही घेतलं तर शौक म्हनतात. मी घेतलं का साऱ्याईले खर्च दिसते."

नवरा जगदेव इतका वेळ बाजेवर बसून मुगाच्या शेंगा सोलत होता. चार एकर कोरडवाहू करणारा, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं एवढंच विचारलं, "मले बसता येईन काय तिच्यात? माहे गुडघे."

"बसता येईन," रत्नमाला म्हणाली. "उठाचं पाहू."

निकिताला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. संध्याकाळच्या बसनं ती परत गेली. जाताना कागदाचा फोटो काढून घेतला.

रत्नमालानं पंजाबरावांना चार लाख सांगितले. सोबत काय काय बिघडलंय त्याची यादी दिली. पंजाबरावांनी ती चष्मा लावून वाचली. खोटं त्यात काही नव्हतं.

"ते ठीक हाय," ते म्हणाले. "पन अशी गाडी कुठं उभी राहाची, हे पन पाहा लागते ना. वाईट नका मानू बाई, तुमच्या दारात ते शोभनार नाई."

रत्नमालानं यादी परत घेतली आणि घडी घातली. "वाईट मानलं," ती म्हणाली. "भाव चारच हाय."

त्यानंतर दोन महिने ती तिकडं फिरकली नाही. अमरावतीचा एक व्यापारी येऊन गाडी बघून गेला आणि अडीच लाख म्हणाला. अकोल्याचे दोघं आले, गाडीपुढे उभं राहून व्हिडिओ काढून गेले. सरकीचा हंगाम तोंडावर आला, शेडमध्ये जागा हवी होती. शेवटी पंजाबरावांचा फोन आला.

"बरं, चार. या अन् घेऊन जा."

"मी येनार नाई," रत्नमाला म्हणाली. "तुमी आना. माह्या दारात उतरवून द्या. आनाचं भाडं तुमचं."

पलीकडे मुनिमाला ट्रकचं भाडं विचारल्याचं ऐकू आलं. मग पंजाबराव म्हणाले, "सोमवारी येतो."

सोमवारी टोइंगचा ट्रक गल्लीत शिरला तेव्हा विहारापासून पार रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. पंजाबराव ड्रायव्हरच्या शेजारी बसून आले होते. गाडी खाली उतरायला पाऊण तास लागला, तोवर ते उन्हात उभे राहिले. जगदेवनं बाज पुढं केली आणि चहा आणला. पंजाबराव बसले, कप हातात घेऊन क्षणभर थांबले आणि मग त्यांनी चहा पूर्ण प्यायला. कागदांवर सह्या झाल्या. "दारात आनून देली," ते उठताना म्हणाले. रत्नमालानं मान हलवली. तिला आणखी काही ऐकायचं नव्हतं.

जगदेवनं गोठ्यातल्या शेळ्या मागच्या छपराखाली हलवल्या आणि गोठ्याची जमीन सिमेंटनं पक्की केली. पुढचे पाच महिने रत्नमाला तिथंच होती. पार्टचे नंबर इंग्रजीत आणि जर्मनमध्ये, ते ती वहीत उतरवून घेई. मुंबईचा एक दुकानदार फोनवर तिला विचारी, "मॅडम, तुमच्या मेकॅनिकला फोन द्या." ती म्हणे, "देलेलाच हाय, बोला." वायरी तिनं एकेक करून जोडल्या. क्लच बसवताना जगदेव जॅक धरून होता. एप्रिलमध्ये वाशीमला पासिंग झालं. आरटीओच्या साहेबानं गाडीभोवती तीन चकरा मारल्या आणि चौथी विनाकारण मारली.

मे आणि जून गाडी चालली. ती रोज नव्हे, आठवड्यातून दोनदा इंझोरीपर्यंत जाऊन यायची, पहाटे, रस्ता मोकळा असताना. स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासायचं म्हणून तिनं कुठे तिरकं घ्यायचं ते पाठ केलं होतं.

जुलैत तिनं ऑइल बदललं. जुना फिल्टर कापून उघडणं ही तिची सवय होती. आतला कागद तिनं उन्हात पसरला आणि तिला चमक दिसली. बारीक, जरीसारखी. चुंबक फिरवला, कण त्याला चिकटले. लोखंड होतं. मागचं बेअरिंग झिजत होतं. ज्या आवाजाला तिनं स्वच्छ म्हटलं होतं, तेच.

ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिली. दुपारचा चहा थंड झाला. आकड्याची भीती तिला नव्हती, पण कानानं आपल्याला फसवलं हे लागलं होतं. गाडी अजून सुरळीत चालत होती. आणखी महिनाभर चालवली असती आणि एका सकाळी इंजिन आतून फुटलं असतं.

पार्ट, त्यासाठी लागणारं खास हत्यार आणि इंजिन खाली काढल्यावर सोबत बदलाव्या लागणाऱ्या गोष्टी मिळून एक लाख नव्वद हजार. बाजूला ठेवलेले होते एक लाख.

गावात बातमी फिरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पंजाबरावांचा फोन आला. या वेळी आवाजात टोमणा नव्हता. "नागपूरचा एकजन हाय. हाय तशी पाच लाखाले घेतो म्हनते. खर्च तुमचा निघनार नाई, पन सुटका होईन."

निकितानंही तेच सांगितलं. "आई, कोणी तुले नावं ठेवणार नाई. तू करून दाखवलं ना. आता दे."

"हिसाब चुकला," रत्नमाला म्हणाली. "माहाच चुकला, दुसऱ्या कोनाचा नाई. पन चुकला म्हून चीज दुसऱ्याची होते काय? पार्टचे पैसे नाईत तर गाडी उभी राहीन. उभी राहाले पैसे लागत नाईत."

"अन् दवाखान्याचे पैसे?"

"नाई म्हनलं ना. ते तसेच हायत."

तिनं गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, इंजिन खाली काढलं आणि पोत्यानं झाकलं. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या हंगामाला बाहेरून हार्वेस्टर आले. धरमसिंग नावाच्या मालकाची तीन यंत्रं तालुक्यात फिरत होती. ऐन हंगामात एक बंद पडलं की त्याचा दिवस बुडायचा. रत्नमाला त्याच्याकडे गेली आणि रोजाचा भाव सांगितला. तो ऐकून त्यानं भुवया उंचावल्या. दुसऱ्या दिवशी कामरगावच्या शिवारात तिनं अडकलेलं गिअर दोन तासांत मोकळं केलं, आणि त्यानंतर त्यानं भावाबद्दल तोंड उघडलं नाही. पाच आठवडे ती भुशात आणि धुळीत यंत्रांखाली झोपून होती. घरी आली की जगदेव तिच्या पाठीला तेल लावायचा. "आता पुरे कर," असं तो एकदाही म्हणाला नाही.

जानेवारीत नवं बेअरिंग बसलं. तिनं पाचशे किलोमीटर चालवून ऑइल काढलं, फिल्टर कापला आणि कागद पसरला. तो काळा होता, नुसता काळा. तिनं तो जगदेवलाही दाखवला. त्याला त्यात काही कळलं नाही, पण त्यानं नीट बघितला.

त्या रविवारी दोघं निकिताकडे निघाली. कारंजाजवळ समृद्धी महामार्गावर चढल्यावर रत्नमालानं पाय दाबला. मागून तो आवाज वर उठत गेला, एकसारखा, आणि जगदेवनं दरवाज्याची मूठ धरली. गाडी एकशेवीसला पोचली तशी तिनं पाय स्थिर ठेवला. तिथंच मर्यादा होती आणि इंजिन अजून अर्ध्यावरही आलं नव्हतं. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं मागं पळत होती. जगदेवनं मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवला.

"कशी वाटते?" तिनं विचारलं.

"बसता येते," तो म्हणाला.

शेलूबाजारला खाली उतरताना टोलनाक्यावर थांबावं लागलं. गाडी इतकी बुटकी की खिडकीतल्या माणसाला वाकून बघावं लागलं. त्याला आत पांढरे केस बांधलेली बाई दिसली, शेजारी टोपीतला शेतकरी.

"मावशी, किती देते हो लिटरले?"

"सात. घाटात सहा."

"बापा. अन् मेन्टेनन्स?"

"लय हाय."

"मंग परवडते कशी?"

"नाई परवडत," रत्नमाला म्हणाली, आणि दांडा वर झाला तशी तिनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.