बुंध्याला खेटून बसलेली तोटी

मी एक जुनी ठिबकची तोटी आहे. बागेतले लोक मला ड्रिपर म्हणतात. अंग अंगठ्याएवढं, पण पोटात इतकी वळणं की पाणी वाट शोधता शोधता दमतं आणि थेंबाथेंबानेच बाहेर पडतं. मित्रांनो, कारखान्यातल्या तापल्या साच्यातून निघाल्यापासून मला एक खोड आहे. मला सगळं जाणून घ्यायचं असतं. त्यातही हे, की माझा थेंब मातीत शिरला की पुढे जातो तरी कुठे?

दोन बहिणींनी मला संत्र्याच्या कोवळ्या रोपाशी, अगदी खोडाला खेटून बसवलं. त्यांची विहीर आटत चालली होती. पाटाने पाणी सोडलं तर निम्मी बाग भिजेपर्यंत ती तळ गाठायची, म्हणून धाकटीने हट्टाने ठिबक आणलं होतं. थोरलीला ते पटलं नव्हतं. पाणी कसं आळं भरून दिसलं पाहिजे, म्हणजे जिवाला बरं वाटतं, असं तिचं म्हणणं. माझ्याखालचा ओला डाग बघून ती नाक मुरडायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

रोपाचं झाड झालं. पहिली संत्री थोरलीनेच तोडली आणि मला टिचकी मारून म्हणाली, बरी आहेस की तू. त्या दिवशी मी कोण फुगले होते! पुढे मात्र कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. फांद्या ऐसपैस पसरल्या आणि मी आपली बुंध्यापाशीच.

मग एका उन्हाळ्यात पानं पिवळी पडली, बुंध्यातून डिंक गळू लागला. झाड तहानलंय, असं ठरवून थोरली रोज बुंध्यावर कळशी ओतू लागली. झाड आणखीच खंगलं. बहिणींचं बोलणं तुटलं. हे झाड गेलं तर सगळ्या नळ्या गुंडाळून पुन्हा पाट सोडायचा, असं थोरलीने सांगून टाकलं. म्हणजे विहीर आटणार आणि मागोमाग अख्खी बाग वाळणार. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं.

शेवटी धाकटी खुरपं घेऊन आली आणि उकरायला बसली. बुंध्यापाशी नुसता चिखल होता, साल कुजली होती. ती उकरत बाहेर बाहेर सरकली. थोरलीला राहवेना. तीही खाली बसली आणि फांद्यांच्या कडेखाली तिने हात घातला. तिथे माती कोरडी ठणठणीत होती, आणि तिच्यात केसांसारखी बारीक मुळं पसरली होती.

थोरलीने ती मुळं बोटांनी अलगद मोकळी केली. मग म्हणाली, "अगं, याचं तोंड इथे आहे. आणि मी आपली पाठीवर कळशा ओततेय."

"मी तरी कुठे पाहिलं?" धाकटी म्हणाली. "एकदा बसवलं आणि विसरले."

माझे थेंब कुठे जात होते, ते मला त्या दिवशी कळलं, आणि फार वाईट वाटलं. दोघींनी मिळून नळी सोडवली, फांद्यांच्या कडेने गोल फिरवली आणि माझ्या जोडीला आणखी तोट्या लावल्या. मग बाकीच्या झाडांचंही तसंच केलं. आमच्या झाडाची एक फांदी वाळली, ती कापावी लागली. उरलेल्या फांद्यांना पालवी फुटली. विहीर उन्हाळाभर पुरली.

आता क्षार साचून माझं तोंड बुजतं, तेव्हा थोरलीच ते साफ करते. मित्रांनो, तुमच्याकडे अशी तोटी असेल तर तिला अधूनमधून उचलून बघा, आणि झाड जिथवर पसरलंय तिथवर नेऊन ठेवा. झाड वाढत जातं, आम्हाला मात्र पाय नाहीत. तेवढं चालणं तुम्हालाच करावं लागेल.